सभासद, गिऱ्हाईक आणि पाहुणा : फोर्टमधल्या काही दुकानांची गोष्ट

फोर्टमधल्या एका कचेरीत १९९१ साली मी आवक-जावक कारकून म्हणून चिकटलो. पहिला पगार हातात पडला त्या संध्याकाळी आईसाठी काहीतरी घ्यावे म्हणून सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या ‘बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स’मध्ये शिरलो आणि एक चादर घेतली. घरी आईने ती उलगडली, कोपरा दोन बोटांत धरून चोळला, काठ उजेडात धरला आणि विचारले, “कुठल्या गिरणीची रे?” किंमत तिने नंतर विचारली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गिरणीत साचेवाले होते. कापड हातात आले की ते कुणी विणले असेल, हा त्या घरातला पहिला प्रश्न असे.

पुढे जेवणाच्या सुट्टीत टाउन हॉलमधल्या एशियाटिकच्या वाचनालयात बसण्याची सवय लागली. माझे शिक्षण कॉमर्सचे. इतिहास मी कुणापुढे बसून शिकलेलो नाही. पण रोज ज्या इमारतींखालून जायचो, त्यांच्यात कोण काय विकत होते हे शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली. फ्लोरा फाउंटनपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत दोन अशी दुकाने होती, ज्यांच्या जन्मकथेत ‘सहकार’ हा एकच शब्द होता. तिसरे उत्तरेला, आजोबांच्या नायगावात होते. तिघांना त्या शब्दातून अभिप्रेत असलेला माणूस मात्र वेगवेगळा होता. हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

अधिकाऱ्यांचा सहकार

काळा घोड्याजवळ, डेव्हिड ससून वाचनालय आणि एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, यांच्यामध्ये एक देखणी इमारत उभी आहे. तिचे नाव अजूनही ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ असेच घेतले जाते. हे नाव ऐकून अनेकांना इथे पूर्वी लष्कराची कचेरी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ते दुकान होते.

लंडनमध्ये टपाल खात्यातल्या काही कारकुनांनी १८६४ मध्ये वर्गणी काढून चहाची पेटी घाऊक भावात घेतली आणि आपसांत वाटून घेतली. त्या उद्योगातून सरकारी नोकरांची खरेदी संस्था निघाली. तिचे पाहून १८७१ मध्ये लष्कर आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ काढली. आपल्या मेससाठी लागणारे मद्य व्यापाऱ्याच्या भावाने का घ्यावे, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. १८९०च्या दशकाच्या आरंभी ही संस्था मुंबईत आली.

तिच्या १९०७ सालच्या सूचिपत्राचे १९६९ मध्ये पुनर्मुद्रण झाले. हजाराहून अधिक पानांचा तो ग्रंथ चाळताना साम्राज्य म्हणजे काय हे तोफांपेक्षा अधिक स्पष्ट कळते. तंबू, घडीचे पलंग, खोगिरे, बंदुका, डबाबंद खाद्यपदार्थ, औषधे, खेळणी : विलायतेतले घर सुटे करून पेट्यांत भरावे आणि हिंदुस्थानातल्या कुठल्याही छावणीत पुन्हा जोडावे, अशी ती सोय होती.

मात्र मूळ संस्थेचा नियम असा, की माल सभासदालाच मिळे आणि सभासद कोण व्हावे हे हुद्द्यावर ठरे. सहकाराचे तत्त्व पक्के; फक्त त्याभोवती कुंपण होते. मूळजी जेठा मार्केटातल्या पेढीवर गादीला टेकून बसलेला व्यापारी गिऱ्हाइकाला पाणी विचारी, घासाघीस करी, ओळखीवर उधारी देई. इथे छापील भाव होता, घासाघीस नव्हती. पण आत कुणी यायचे, हा भाव आधीच ठरलेला होता.

याच्या शेजारी त्या काळच्या हॉर्नबी रोडवरचे, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरचे, ‘व्हाइटअवे लेडलॉ’ ठेवून पाहावे. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश माणसाने १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू केलेली ही पेढी लाहोरपासून सिंगापूर-शांघायपर्यंत पसरली. तिला सभासदत्व लागत नसे, रोख पैसे लागत. उधारी नाही म्हणजे नाही, या हट्टापायी इंग्रज मंडळी तिच्या नावाचा अपभ्रंश करून ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत. १८९६च्या नियमाने या रस्त्यावरच्या इमारतींना पुढे कमानींची पडवी ठेवणे सक्तीचे झाले होते. मुंबईच्या पावसात त्या पडवीखाली कुणालाही उभे राहता येई. खिशात पैसे नसलेला माणूसही काचेपलीकडचा माल न्याहाळू शकत होता. खरेदी न करता दुकान बघणे ही नवी करमणूक या शहराला मिळाली, त्यात या पडव्यांचा वाटा मोठा आहे.

देशाचा सहकार

आपल्या देशात झालेला माल वापरावा हा विचार महाराष्ट्रात बंगालच्या फाळणीहून बराच जुना. लोकहितवादींच्या शतपत्रांत तो १८४०च्या दशकाच्या अखेरीस येतो. पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून १८७७च्या दिल्ली दरबारास गेले. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणूनही त्यांनीच खटपट केली. १९०५ मध्ये फाळणी झाली, बहिष्काराची हाक उठली, पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. होळी एका रात्रीत करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर दुकानाने द्यायचे होते.

म्हणून १९०५-०६च्या सुमारास ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स कंपनी’ निघाली. तिच्या उभारणीत लोकमान्य टिळकांबरोबर रतनजी जमशेदजी टाटांचे नाव घेतले जाते. पुढे हे दुकान ज्या रस्त्यावर नावारूपाला आले, त्याला आज नाव आहे ते सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या विरुद्ध बाजूस असलेल्या फिरोजशहा मेहतांचे. शहरे अशा गमती करतात.

या नावातला ‘को-ऑपरेटिव्ह’ आणि ‘कंपनी’ हा जोड मला बरीच वर्षे खटकत होता. उलगडा कायद्यात सापडला. १९०४चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. ग्राहकांच्या भांडारासारख्या इतर सहकारी संस्थांना कायद्याने वाट मिळाली ती १९१२च्या कायद्याने. म्हणजे १९०५-०६ साली दुकान काढणाऱ्याला मनात सहकार असला, तरी अंगावर कंपनीचाच अंगरखा चढवावा लागे. भागभांडवल गोळा करायचे, भागधारकांना लाभांश द्यायचा आणि वर देशकार्यही करायचे. या दुकानाचा पुढचा सगळा प्रवास त्या अंगरख्यात आधीच शिवलेला होता, असे मला वाटते.

आणखी एक मौज आहे. ग्राहकांच्या सहकाराचा आधुनिक इतिहास ज्या गावापासून सांगतात ते रॉचडेल तेव्हा लँकेशायरमध्ये होते. तिथे १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढ्यावर दुकान मांडले. त्यांत विणकर होते. माल निर्भेळ, माप चोख, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत, ही त्यांची रीत. ज्या लँकेशायरच्या कापडावर बहिष्कार घालायला आपण निघालो, त्याच लँकेशायरच्या विणकरांची कल्पना आपण दुकान काढताना उचलली. यात विसंगती आहे असे मी म्हणणार नाही. भांडण विणकराशी नव्हतेच. १९३१ मध्ये गांधीजी स्वतः लँकेशायरला गेले, बहिष्कारामुळे काम गेलेल्या कामगारांना भेटले, तेव्हा हे अधिक स्पष्ट झाले.

१९१९ साली गांधीजींच्या हस्ते मुंबईत एक दुकान उघडले त्याचे नाव ‘शुद्ध स्वदेशी भांडार’. ‘शुद्ध’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. स्वदेशीच्या नावावर विलायती माल खपवणारे निघालेच होते. रॉचडेलच्या पिठातली भेसळ आणि मुंबईच्या कापडातली भेसळ यांवर उतारा एकच : विकणाऱ्यावर गिऱ्हाइकाची नजर.

या नजरेची किंमत किती असू शकते हे १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला दिसले. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. तो आंबेगावकडच्या म्हाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणी कामगार. दुकानाच्या दारात निरोधन करणाऱ्या देशसेविका, गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवणारे स्वयंसेवक, आणि हा कापड विणणाऱ्या गिरणीतला मजूर. ‘खरेदी’ हा शब्द त्या वर्षी या शहरात साधा राहिला नव्हता.

कामगारांचा सहकार

तिसरे दुकान फोर्टमध्ये नव्हते. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आले. युद्ध संपले तरी रांगा आणि काळाबाजार संपला नाही. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. तिलाच पुढे सारी मुंबई ‘अपना बाजार’ म्हणून ओळखू लागली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिने डिपार्टमेंट स्टोअर उघडले. धान्य, कापड, भांडी, औषधे एका छताखाली, छापील भावात. काळा घोड्याच्या साहेबांनी आणलेली दुकानाची तऱ्हा सात-आठ दशकांनी साचेवाल्याच्या चाळीपर्यंत पोहोचली, आणि वाटेत कुंपण गळून पडले.

आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या भागाचा दाखला होता. गिरणीतल्या पगाराच्या पावत्या त्यांनी जपल्या नाहीत. हा कागद मात्र रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेला होता. आजी सांगायची की दिवाळीचा रवा-साखर आणायला जाताना ते “दुकानात जातो” असे कधी म्हणत नसत, म्हणत, “आपल्या इथं जाऊन येतो.” ज्या माणसाच्या मालकीचे या शहरात काही नव्हते, त्याच्या मालकीचा एका दुकानाचा एक तुकडा होता. त्यामुळे साखर ओली निघाली तर ती निमूट घरी न आणता सभेत उठून बोलायचा त्याला हक्क होता. आजोबा बोलतही, असे ऐकले आहे.

आणि पाहुणा

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत साहेबांची दुकाने आवरली. हॉर्नबी रोडवर जिथे विलायती कापड रोखीने विकले जाई, त्या व्हाइटअवे लेडलॉच्या जागी खादी भांडार आले. इतिहासाने इतका सरळ न्याय क्वचितच केला असेल. पण न्यायाचीही देखभाल करावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये खादी आयोगाने, अस्सल नसलेला माल खादी म्हणून विकल्याचा ठपका ठेवून, ते भांडार चालवणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र रद्द केले. १९१९ मधला ‘शुद्ध’ हा शब्द शंभर वर्षांनी तसाच समोर उभा राहिला. फरक इतकाच की आता भेसळ पकडायला आयोग लागला. गिऱ्हाइकाची नजर दुसरीकडे गेली होती.

आर्मी अँड नेव्ही इमारतीत अलीकडच्या काळात टाटांच्या ‘वेस्टसाइड’चे दुकान आले. बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सने १९९०च्या दशकात कात टाकली आणि ते ‘द बॉम्बे स्टोअर’ झाले. नावातून ‘को-ऑपरेटिव्ह’ आधीच गेले होते, आता ‘स्वदेशी’ही गेले. हस्तकलेच्या वस्तू, चहा, अत्तरे, भेटी : परदेशी जाणारा आणि परदेशातून आलेला, दोघांनाही सोयीचे असे ते दुकान आहे. याला अधःपात म्हणायला मी तयार नाही. हात चालवणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक हवेच, आणि ते भेटवस्तूच्या दुकानात मिळत असेल तर त्यात वाईट काय? बाजार खुला झाल्यावर नुसत्या ‘स्वदेशी’ या नावावर चादरी खपवत बसले असते, तर हे दुकान तरी राहिले असते का?

बदल झाला तो गिऱ्हाइकात. पहिल्या दुकानाचा सभासद राज्यकर्ता होता, दुसऱ्याचा देशभक्त, तिसऱ्याचा कामगार. भेटवस्तूच्या दुकानात येणारा पाहुणा असतो. पाहुण्याने वस्तूची परीक्षा करायची नसते. आवडली की घ्यायची, आठवण म्हणून. माल कुठून आला, मापात पाप आहे का, उरलेला नफा कुणाचा, हे प्रश्न पाहुणा विचारत नाही. या शहरात जन्मलेले आम्हीही हळूहळू तसेच खरेदी करू लागलो आहोत.

गेल्या वर्षी भाची शिकायला परदेशी निघाली तेव्हा फोर्टमधल्याच एका भेटवस्तूंच्या दुकानात तिला घेऊन गेलो. तिने काळी-पिवळी टॅक्सी छापलेली एक कापडी पिशवी निवडली. घरी आल्यावर ती तिने आजीला, म्हणजे माझ्या आईला, दाखवली. आईला आता नीट दिसत नाही. तिने पिशवीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला. टॅक्सीचे चित्र तिच्या बोटांना लागले नाही, कापड लागले.

“कुठल्या गिरणीचं गं हे?” तिने विचारले.

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी पिशवी उलटून आतली चिठ्ठी वाचली. किंमत होती, धुण्याच्या सूचना होत्या. मी चश्मा काढून पुन्हा एकदा वाचली.