मोजपट्टी कोणाच्या भाषेची?

१९०५ सालीं पॅरिसच्या शाळांतील मागें पडणाऱ्या मुलांसाठीं आल्फ्रेद बिने यांनीं सिमोन यांच्या साहाय्यानें बुद्धिमापनाची मोजपट्टी तयार केली. १९१६ च्या अमेरिकन आवृत्तींत मुलांनीं ओळखावयाचीं नाणीं अर्थातच तेथील होतीं. श्रोत्यांनीं घटकाभर कल्पना करावी, तोच प्रश्न भाषांतरून सोलापुरच्या मुलास विचारला, तर मोजमाप कशाचें होईल? बुद्धीचें कीं ओळखीचें?

हें कठीण काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाडच्या बाजूस अंगावर घेतलें. कानडी व मराठी मुलांकरितां त्यांनीं केलेली बिनेपद्धतीची आवृत्ति १९३४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला. शब्द बदलला कीं प्रश्नाचा अवघडपणाहि बदलतो. म्हणून पुष्कळ मुलें तपासून वयाचीं प्रमाणें नव्यानें बसवावीं लागतात. काम कंटाळवाणें खरें, पण न्याय तेथेंच ठरतो.

सोलापूर मात्र दोन भाषांत मावणारें शहर नव्हे. १८७७ सालीं तेथें पहिली कापडगिरणी निघाली. माग आणि गिरण्या यांच्याभोवतीं तेलुगु बोलणारे पद्मशाली विणकर वसले. घरीं तेलुगु, गल्लींत कानडी व उर्दू, आणि शाळेंत मराठी! अशा मुलाला मराठी शब्दांच्या कसोटींत कमी गुण मिळाले म्हणून त्याला मंदबुद्धि ठरविणें हा उघड अन्याय होय.

१९५५ सालीं सी. एम. भाटिया यांनीं ठोकळे, आकृति व चित्रें यांवर बव्हंशीं आधारलेली कसोटी दिली. तींतील स्मरणशक्तीच्या परीक्षेंत निरक्षर मुलांसाठीं आंकड्यांऐवजीं नुसते ध्वनि योजलेले आहेत.