शब्दहरण आणि नामनिर्देश : एक ऐतिहासिक विचार

दुसऱ्याचे लेखन घेताना त्याचे नाव सांगावे, हा दंडक पाश्चात्य विद्यापीठांकडून आपल्याकडे आला, अशी समजूत रूढ आहे. पृष्ठक्रमांकासह तळटीप देण्याची पद्धत मुद्रणयुगातील आहे, हे खरे. परंतु नामनिर्देशाची नीती आणि हरणाचे शास्त्र या दोहोंचा विचार भारतीय परंपरेत फार पूर्वीच झालेला होता.

शास्त्रग्रंथांपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. पाणिनीने अष्टाध्यायीत आपिशलि, शाकटायन, शाकल्य, गार्ग्य, स्फोटायन इत्यादी दहा पूर्वाचार्यांचा नावाने उल्लेख केला आहे. सूत्रात एका मात्रेचीही बचत मोलाची मानणाऱ्या परंपरेत हे नाव उगाच आलेले नाही. नियम कोणत्या मताचा आहे, हे त्यामुळे कळते. कौटिल्याचा परिपाठही असाच आहे. मंत्रिपरिषदेत अमात्य किती असावेत, या प्रश्नावर मानवांचे मत बारा, बार्हस्पत्यांचे सोळा व औशनसांचे वीस, असे सांगून, सामर्थ्यानुसार संख्या ठरवावी, हे स्वमत तो शेवटी मांडतो. येथे नामनिर्देश हे केवळ सौजन्य नव्हे. परमत वेगळे दाखविल्यावाचून स्वमताची सीमाच आखता येत नाही.

काव्याच्या क्षेत्रात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. सातव्या शतकात बाणाने हर्षचरिताच्या प्रास्ताविक श्लोकांत वर्ण पालटून व रचनेच्या खुणा लपवून परकी कृती आपली म्हणविणाऱ्या कवीला चोर ठरविले. या विषयाची पद्धतशीर चिकित्सा मात्र राजशेखराने केली. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेल्या या ग्रंथकाराचा पणजोबा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणविला गेला होता. राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून प्रकाशित झाली.

राजशेखर शब्दहरणाचे पाच प्रकार मानतो : एका पदाचे, एका चरणाचे, अर्ध्या श्लोकाचे, वृत्ताचे आणि संपूर्ण प्रबंधाचे. अर्थहरणाची त्याची मीमांसा याहून सूक्ष्म आहे. अर्थ तोच, केवळ शब्दरचना निराळी, तो 'प्रतिबिंबकल्प'. थोड्याशा संस्काराने भिन्न भासणारा तो 'आलेख्यप्रख्य'. विषय भिन्न असूनही अत्यंत साम्यामुळे एकच वाटणारा तो 'तुल्यदेहितुल्य'. मूळ एक, पण मांडणी सर्वस्वी वेगळी, तो 'परपुरप्रवेशसदृश'. यांतील पहिला त्याज्य ठरतो. आरशातील प्रतिमेला स्वतःचा देह नसतो, हे त्यामागील मर्म होय.

याच ग्रंथात राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत तिच्या नावाने नोंदविले आहे. इतर चोऱ्या काळाबरोबर विसरल्या जातात, वाणीची चोरी मात्र पुत्रपौत्रांपर्यंत पुसली जात नाही, हे आचार्यांचे म्हणणे आल्यावर तिचे मत येते. मूळ कवी अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. ती कृती जाणणारे उरले नाहीत. तिचा कर्ता परदेशात आहे. अशा ज्या कारणांच्या आधारे कवी हरणात रमू शकतो, त्यांची यादीच ती देते. हे मत उपरोधाचे की व्यवहाराचे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, प्रबंधपरीक्षकांच्या कानी आजही पडणाऱ्या सबबी हजार वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने नोंदविल्या गेल्या, हे लक्षणीय आहे.

मराठी इतिहाससंशोधनात हाच प्रश्न पुराव्याच्या रूपाने पुढे आला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून मूळ कागद वाचकापुढे ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तर स्वीकृत पाठाखाली हस्तलिखितागणिक पाठभेद दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय वाचकाला स्वतः तपासता यावा, ही त्यामागील भूमिका होय. शास्त्रकारांच्या काळी आचार्याचे नाव पुरेसे होते. आता ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठ यांचीही अपेक्षा रास्त ठरली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याचे प्रमाण मोजून दंड ठरविला. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. ही मोजणी उपयुक्त असली तरी तिची पकड मुख्यतः शब्दहरणावर आहे. वाक्ये फिरवून, पर्यायी शब्द योजून परक्याचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलणारा प्रबंध या मोजणीतून निसटू शकतो. राजशेखराच्या वर्गीकरणात तो प्रतिबिंबकल्पच ठरतो. म्हणून अवतरणचिन्हांत घेतलेल्या वाक्याइतकाच, स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या परक्या विचारालाही नामनिर्देश आवश्यक आहे. पूर्वपक्ष कोणाचा, हे ज्याने लपविले, त्याचा सिद्धांत कोणता, हे वाचकाला कधीच कळणार नाही.