जुनी बाईक घेताय? आधी चेसिस बघा, मग कागद, इंजिन शेवटी

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन पट्ट्यात चिऱ्याच्या खाणी, डोंगरवाड्या आणि पाखाड्यांच्या वाटांसाठी उंच, हलक्या बाईकला मागणी असते. खडकांवरून तोल सांभाळत चालवायच्या खास 'ट्रायल्स' बाईक आपल्याकडे जुन्या बाजारात जवळपास मिळतच नाहीत. त्यामुळे नवशिके हिरोची इम्पल्स (२०११ साली आलेली, आता बंद) किंवा एक्सपल्स २०० (२०१९) शोधतात. इम्पल्स स्वस्तात मिळते, पण सुटे भाग मिळतील का ते मेकॅनिकला आधी विचारा. एक्सपल्सची सीट सुमारे ८२ सेंटीमीटर उंच आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, हे बसूनच बघा.

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. गंजलेली चेसिस आणि दुसऱ्याच्या नावाचे कागद मात्र महागात पडतात.

गंज कुठे बघायचा
खाऱ्या हवेने गंज आतून लागतो. टाकीखाली, सीटखाली, मागच्या स्विंगआर्मला आणि वेल्डिंगच्या सांध्यांना बॅटरी मारून बघा. गाडीवर माशांच्या पाट्या वाहिल्या असतील तर बर्फाचं खारं पाणी मागच्या चेसिसवर गळलेलं असतं. नवा काळा रंग दिसला तर स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. पापुद्रे निघाले तर गाडी सोडा.

पुराची गाडी
जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला तेव्हा अनेक दुचाक्या पाण्याखाली गेल्या. एअर फिल्टरच्या डब्यात आणि वायरिंगच्या जोडांत सुका गाळ, मीटरच्या काचेत वाफ दिसली तर सावध व्हा.

इंजिन
गाडी थंड असतानाच चालू करायला सांगा. तापवून ठेवलेली गाडी दोष लपवते. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय समजा. पुढचे शॉकॲब्सॉर्बर ऑइल गळतात का, तेही बघा.

कागद
आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. एमपरिवहन ॲपवर विमा, कर्जाचा बोजा बघा. थकलेलं चलनही तपासा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी हवी. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच-०६ची गाडी असेल तर काम पेणच्या आरटीओत. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्च आहे, तो किमतीतून वजा करा.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. अपघात झाला तर नोंदीतल्या मालकावरच भरपाईची जबाबदारी येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. 'नंतर करू नावावर' हा शब्द दोघांनाही गोत्यात आणतो. म्हणून फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.