वेगाच्या कल्लोळातील एकल गिटार

अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात ‘थ्रॅश मेटल’ या नावाचे एक उग्र संगीत उदयास आले. अतिद्रुत लय, विद्युत् गिटारीचा खरखरीत नाद आणि युद्ध, अन्याय व मृत्यू यांभोवती फिरणारी गीते ही त्याची बाह्य लक्षणे होत. परंतु या कल्लोळाच्या मध्यावर एक क्षण असा येतो की, गायक थांबतो आणि एकटी गिटार उंच स्वरात बोलू लागते. वादक त्यास ‘सोलो’ म्हणतात. मराठीत एकल वादन म्हणता येईल. हे वादन म्हणजे वरची नक्षी, की त्या संगीताचे अंगच, हा प्रश्न या परंपरेतील सर्वांत विख्यात वाद्यवृंदासमोर २० वर्षांनी उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्याला स्वानुभवानेच मिळाले.

या संगीताचे पूर्वज दोन. पहिला, ब्रिटनमधील हेवी मेटल. ज्यूडास प्रीस्ट व आयर्न मेडन या वृंदांत दोन गिटारवादक असत आणि त्यांच्या एकल वादनाला मोठा मान असे. दुसरा पूर्वज म्हणजे पंक संगीत. त्याचा बाणा याच्या नेमका उलट. गीत आखूड असावे, कोणालाही वाजविता यावे, आणि लांबलचक एकल वादन म्हणजे निव्वळ मिरवणूक, अशी त्याची धारणा. थ्रॅशने पंककडून वेग व संताप घेतला आणि हेवी मेटलकडून हस्तकौशल्य. एकल वादन त्याने टाकले नाही. पण ते मिरविण्यासाठी नव्हे, हे दाखविण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर येऊन पडली.

त्याचे प्रयोजन वादनाच्या रचनेतच सापडते. या संगीताचा पाया म्हणजे ‘रिफ’, अर्थात पुनःपुन्हा येणारी आखूड व घट्ट सुरावट. ती गिटारीच्या जाड तारांवर, उजव्या तळव्याची कड तारांना टेकवून वाजवितात. त्यामुळे नाद दबून तुटक होतो आणि यंत्रासारखा आघात उमटतो. सारा वृंद या कवायतीत जखडलेला असतो. एकल वादन सुरू होताच स्वर बारीक तारांवर चढतो, दाबलेला नाद मोकळा होतो, आणि पुष्कळदा खालची सुरावटही बदलते. ख्यालातील तानेची आठवण येथे सहज होते. पण तान रागाच्या चौकटीतच विस्तारते, तर येथे एकल वादन चौकटीतून सुटका करू पाहते.

या परंपरेच्या आरंभीच एकल वादनावरून एक मानवी नाट्य घडले. मेटॅलिका हा वृंद लॉस एंजेलिस येथे १९८१ मध्ये स्थापन झाला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी मंडळी न्यू यॉर्कला गेली असता एप्रिल १९८३ मध्ये प्रमुख गिटारवादक डेव्ह मस्टेन याला काढून टाकण्यात आले, आणि एक्सोडस या वृंदातील कर्क हॅमेट त्याच्या जागी आला. मुद्रिका त्याच वर्षी निघाली. तीमधील चार गीतांच्या रचनेत मस्टेनचे नाव आहे; वाजविणारा हात मात्र हॅमेटचा. मस्टेनने मेगाडेथ हा स्वतंत्र वृंद काढला, आणि एका घराच्या दोन शाखा झाल्या.

हॅमेटने बर्कली येथे जो सॅट्रियानी याच्याकडे शिक्षण घेतले. टेस्टामेंट या वृंदाचा ॲलेक्स स्कोल्निक हाही सॅट्रियानीचाच शिष्य. आणि खुद्द सॅट्रियानी जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानो याच्याजवळ शिकलेला. बंडखोर म्हणविणाऱ्या या संगीताच्या पाठीशी अशी शिस्तीची विद्या उभी होती.

पण सर्वांनी एकच वाट धरली नाही. स्लेअर या वृंदाची १९८६ ची ‘रेन इन ब्लड’ ही मुद्रिका १० गीतांची असून सुमारे २९ मिनिटांत संपते. तीत केरी किंग व जेफ हॅनमन यांचे एकल वादन सुरेलपणा जाणूनबुजून टाळते. गिटारीला जोडलेली दांडी दाबून ते तारा सैल करतात आणि स्वर किंकाळीसारखा कोसळतो. मेगाडेथच्या १९९० मधील ‘हँगर १८’ या गीतात मस्टेन व मार्टी फ्रीडमन आलटून पालटून वाजवितात. तेथे एकल वादनाला वादविवादाचे रूप येते.

एकल वादनाचा अर्थ सर्वांत स्पष्ट होतो तो मेटॅलिकाच्या १९८८ मधील ‘वन’ या गीतात. डाल्टन ट्रंबो याच्या १९३९ मधील युद्धविरोधी कादंबरीवर ते आधारलेले आहे. तिचा नायक पहिल्या महायुद्धात हात, पाय, डोळे, कान व जीभ गमावून केवळ जाणिवेने जिवंत उरलेला सैनिक आहे. गीताच्या उत्तरार्धात ढोलांचा ठेका बंदुकीच्या फैरींसारखा सुरू होतो. शेवटचे शब्द संपतात आणि हॅमेट दोन्ही हातांची बोटे तारांवर आपटीत एकल वादनास प्रारंभ करतो. ज्याला वाचाच उरली नाही, त्याचा आक्रोश शब्दांत मांडता येत नाही. तो येथे गिटार मांडते. हे वादन वगळले तर नायकच मुका राहील.

१९९० नंतर सिएटलच्या ग्रंज संगीताचा आणि त्यामागून न्यू मेटलचा बोलबाला झाला, आणि दीर्घ एकल वादन जुनाट ठरू लागले. मेटॅलिकाने २००३ मध्ये ‘सेंट अँगर’ ही मुद्रिका काढली, ती एकाही एकल वादनाशिवाय. तिच्या निर्मितीवरील २००४ च्या अनुबोधपटात हॅमेट याला हरकत घेताना दिसतो. एकल वादन गाळल्याने मुद्रिका कालातीत न होता उलट त्याच काळाच्या छापाची ठरेल, असा त्याचा मुद्दा होता. तो मानला गेला नाही. मुद्रिका खूप खपली. परंतु जुन्या रसिकांची तक्रार मुख्यतः दोन गोष्टींविषयी राहिली: ढोलाचा डब्यासारखा आवाज आणि एकल वादनाचा अभाव. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या पुढील मुद्रिकेत ते वादन परत आले.

दोन मुद्रिकांमधील या ५ वर्षांनी मूळ प्रश्नाचा निकाल लावला. नक्षी पुसली तर भिंत उभी राहते. तिची खिडकी बुजविली तर आत कोंदटपणा येतो. थ्रॅशच्या भिंतीत एकल गिटार ही ती खिडकी होती. कवायत कितीही कडक असली, तरी तीत एका माणसाचा आवाज ऐकू यावा, ही अपेक्षा त्या संगीताने आपल्या श्रोत्यांच्या मनात स्वतःच रुजविली होती; म्हणूनच तो आवाज थांबताच त्यांना ते जाणवले.