बंदुकीचा आवाज

दिवाळीच्या पहाटे बार उडाला की तो कोणत्या गल्लीतला हे कोल्हापूरकर अंथरुणातूनच सांगतो. बंदुकीचा बारही असाच चहूकडे कळतो. तो दबावा म्हणून नळीच्या तोंडाशी बसवायचे नळकांडे हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकनाने काढले. १९०९ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. लोक त्याला सायलेन्सर म्हणतात. अमेरिकेत त्यावर १९३४ पासून २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला. नोंदणी तेवढी राहिली. शिकाऱ्याचे कान वाचतील, असे एक पक्ष म्हणतो. गोळी कुठून आली तेच कळायचे नाही, असे दुसरा.

आपल्याकडे हत्यारांचा वाद याहून कडू आहे. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली आणि जेकबसाहेबाने तिची हत्यारे काढून घेतली. मग रयतेच्या हत्यारांची पाळी आली. मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेरड ती देईनात. गावावर फौज गेली, कित्येकांना फाशी झाली. ज्याची भाकरी आणि अब्रू दोन्ही हत्यारावर, त्याला ‘ते खाली ठेव’ म्हणणे सोपे नव्हते! पुढे १८७८ साली लिटनसाहेबाच्या अमदानीत हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, गोऱ्याला सूट मिळाली. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली तीही त्याच साली.

म्हणूनच १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने नागरिकाच्या हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तोच हक्क घटनेत मागितला. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते हत्यार आणता आले, तर राज्याने आपले कर्तव्य करावे कसे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सूचना पडली. मला वाटते, बाबासाहेबांचेच बरोबर होते. पण कामतांच्या मागे हलगली उभी होती, हेही विसरू नये.

१९५९ च्या कायद्याने मधली वाट काढली. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवान्याची सोय ठेवली. बंदुका किती ठेवाव्यात यावर १९८३ साली तीनची मर्यादा आली, २०१९ साली दोनची. आणि वाचकहो, त्याच १९५९ च्या कायद्यात ‘बंदूक’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज वा झोत कमी करणारे साधन घातले आहे. म्हणजे नुसते नळकांडे, बंदुकीवाचून घरात सापडले, तरी कायद्याच्या लेखी ती बंदूकच!

आमच्या राधानगरी-आजऱ्याकडच्या शेतकऱ्याला ते नळकांडे फुकट दिले तरी तो घेणार नाही. रानडुकरे उसात शिरली की तो बार काढतो तो बहुधा आभाळाकडे. डुकरे पळतात ती आवाजाने. शिवाय पलीकडच्या माळावरचा राखणदारही जागा होतो.