तुपाचा डबा आणि मेघना नदी

मृगाचा पाऊस झाला की आपल्या विदर्भातल्या काळ्या रानात बैलगाडीची चाके आसापर्यंत रुततात. त्याच रानातून गडीमाणूस मात्र चिखल तुडवत का होईना, पलीकडे जातो. गाडी जड आहे हे खरे. परंतु प्रश्न नुसत्या वजनाचा नसून ते किती क्षेत्रफळावर पडते याचा आहे. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो भार येतो. चाकाची धाव अरुंद, आणि मातीला ती जेमतेम वीतभर टेकते.

सैन्याचा मालही याच कारणाने अडतो. १९४२ साली जेफ्री पाइक या कल्पक (आणि बऱ्याच विक्षिप्त) इंग्रज गृहस्थाने नॉर्वेच्या बर्फावरून माणसे व सामान नेणाऱ्या पट्ट्याच्या गाडीची कल्पना मांडली. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने ती बनवली. तिचे नाव ‘वीझल’. सुमारे अर्धा टन माल नेणाऱ्या या गाडीचे पट्टे इतके रुंद होते, की जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.१३ किलोच्या आसपास राही. म्हणजे माणूस रुतेल तिथूनही ती जाई. नॉर्वेची मोहीम रद्द झाली, गाडी मात्र टिकली. पुढे तिला दोन्ही टोकांना पोकळ टाक्या आणि मागे सुकाणू बसवून पाण्यातही उतरवण्यात आले. पट्टे हेच तिचे वल्हे. वेग ताशी सहा किलोमीटर. १९४४ साली हॉलंडमधील वाल्चेरेनच्या बुडालेल्या बेटावर ती उपयोगी पडली.

अर्धा टन माल तरंगवणे ठीक, पण तोफ? सोव्हिएत पीटी-७६ हा रणगाडा चौदा टनांचा. त्याचे पट्टे जमिनीला सुमारे तीन चौरस मीटर टेकतात. भागाकार करून पाहा: दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमी. चौदा टनांचे धूड जमिनीला चालत्या माणसाएवढेच दाबते!

आता पाणी. चौदा टन तरंगायचे तर चौदा घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे, हे आर्किमिडीजपासून ठरलेलेच आहे. म्हणून हा रणगाडा वजनाच्या मानाने मोठा आणि आतून पोकळ केलेला असतो. आपल्या जवानांनी त्याला ‘पिप्पा’ म्हटले, म्हणजे पंजाबीत तुपाचा रिकामा डबा. शिक्षकांनी असा डबा खरोखरच टाकीत सोडावा, एकेक खडा टाकत पाण्याची रेघ कुठवर चढते ते मुलांकडून मोजून घ्यावे, आणि मग तळाला खिळ्याने एक भोक पाडावे. पाण्यात उतरण्यापूर्वी रणगाड्याच्या तळाची बुचे तपासणे आणि उपसापंप चालू ठेवणे का आवश्यक असते, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

डब्याची उपमा दुसऱ्या अर्थानेही खरी होती. तरंगण्यासाठी चिलखत पातळ ठेवावे लागले. जास्तीत जास्त सुमारे वीस मिलिमीटर. जड मशीनगनची गोळीही बाजूने आत शिरू शके. अशा डब्यांत बसून ४५ कॅव्हलरीची एक तुकडी २०-२१ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री १४ पंजाबच्या पायदळाबरोबर बोयरा भागातून पूर्व पाकिस्तानात शिरली. चौदा रणगाडे होते. गरीबपूरला सकाळच्या धुक्यात पाकिस्तानी चाफी रणगाड्यांशी गाठ पडली आणि चाफींची तुकडी जवळजवळ संपली. आपले मेजर दलजितसिंग नारग तिथे पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

मेघनेवर वेगळीच अडचण आली. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला होता. ९ डिसेंबरपासून पायदळ हेलिकॉप्टरने पलीकडे जाऊ लागले, पण रणगाडे पोहूनच जायचे. पीटी-७६ मागच्या दोन नळ्यांतून पाण्याचा झोत सोडतो आणि ताशी दहा किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. वेग एवढा कमी का? पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि लागणारी शक्ती घनाने. दुप्पट वेगासाठी आठपट अश्वशक्ती हवी. इंजिन होते २४० चे. रस्त्यावर उतार येतो, वळण येते, इंजिनाला उसंत मिळते. नदीत ती नाही. जनरल अरोरा यांनी युद्धानंतर सांगितले, की अर्ध्या तासात इंजिने तापत, आणि पार करायला तर तीन तास लागणार होते. तेव्हा तापलेले रणगाडे गावकऱ्यांच्या होड्यांनी ओढून नेले.

आज अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) वाहन संशोधन व विकास संस्थेने तयार केलेल्या पाण्यात चालणाऱ्या गाडीला पट्टे नाहीत, आठ चाके आहेत. पाण्यासाठी मागे झोताचे दोन पंप आहेतच. रस्त्यावर चाके पट्ट्यांपेक्षा वेगवान आणि कमी झिजणारी. पण ती आमच्याकडच्या जुलैतल्या काळ्या रानात घालायची झाली, तर मी आधी टायरांतली हवा कमी करायला सांगेन. टायर चपटा होऊन टेकण्याचे क्षेत्रफळ तेवढेच वाढते.