निळ्या घोड्याचा रंग: फायबरग्लासची शिल्पं जपायची कशी?

वॉशिंग्टनमध्ये घोड्यावर बसलेल्या सेनापतींचे ब्राँझचे पुतळे जागोजागी आहेत. त्याच शहरात स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या बाहेर एक वेगळाच स्वार आहे. उधळलेला निळा घोडा, त्यावर पिस्तूल उंचावलेला मेक्सिकन गुराखी. नाव ‘वाकेरो’, शिल्पकार लुईस हिमेनेझ (१९४०–२००६). काउबॉयची परंपरा मुळात मेक्सिकन गुराख्यांची, हे सांगणारं हे शिल्प. आणि ते ब्राँझचं नाही, फायबरग्लासचं आहे.

हिमेनेझ टेक्सासमधल्या एल पासोचा. वडिलांचं निऑन पाट्यांचं दुकान होतं, तिथे तो लहानपणापासून काम करायचा. फायबरग्लास तेव्हा ‘कलेचा’ पदार्थ नव्हताच. १९३०च्या दशकात अमेरिकेत काचेचे तंतू कारखान्यात निघू लागले, दुसऱ्या महायुद्धात त्यांची पॉलिएस्टर रेझिनशी जोडी जमली, पुढे बोटी आल्या आणि १९५३ मध्ये कॉर्व्हेट गाडीची बॉडी. हिमेनेझने हाच बोटी-गाड्यांचा पदार्थ मुद्दाम निवडला आणि वर गाड्यांना देतात तसला चकचकीत युरेथेन रंग दिला. चकाकी हाच त्याच्या म्हणण्याचा भाग होता.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पॉलिमरच्या झिजण्याकडे येते. ‘फायबर कधी खराब होत नाही’ असं आपण सर्रास ऐकतो. प्रत्यक्षात अशा शिल्पात तीन थर असतात आणि तिघांची दुखणी वेगळी. रंगावर आणि रेझिनवर सूर्याची अतिनील किरणं पडली की रेणूंच्या साखळ्या तुटतात. आधी चकाकी जाते, मग हात फिरवला की खडूसारखी पावडर निघते. दुर्लक्ष केलं तर रेझिन झिजून काचेचे तंतू कुसळांसारखे वर येतात. त्यांच्या कडेने पाणी आत शिरतं आणि कवचाला फोड येतात. सगळ्यात आत लोखंडी सांगाडा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून कवच फोडतो. बाहेरून दिसणाऱ्या भेगेचं कारण पुष्कळदा आत असतं.

म्हणून देखभालीचे नियम तसे साधेच आहेत. सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवायचं, प्रेशर वॉशर लावायचा नाही, वरून मेण द्यायचं, पाणी निघून जायची खालची भोकं मोकळी ठेवायची, बारीक चीर लगेच भरायची.

खरा पेच रंगाचा आहे. ब्राँझवर चढणारा हिरवट थर आपण वयाचा मान म्हणून स्वीकारतो. फिकट पडलेला फायबरग्लास मात्र नुसता बेवारस दिसतो. पुन्हा रंगवलं तर चकाकी परत येते, पण शिल्पकाराच्या हाताने चढवलेल्या छटा झाकल्या जातात. नाही रंगवलं तर ऊन रेझिन खातं. वरून पारदर्शक युरेथेनचा थर देणं हा मधला मार्ग. त्यातली अतिनील-शोषक द्रव्यं किरणांची ऊर्जा उष्णतेत बदलतात. पण ती हळूहळू संपतात, आणि हा थर उलगडता येत नाही. त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंफलेले असतात. मजबुती त्यामुळेच येते, आणि त्यामुळेच तो कुठल्या द्रावकात विरघळत नाही, घासूनच काढावा लागतो. मेण तेवढं टिकत नाही, पण पुसून काढता येतं. मला मेणाची बाजू पटते. पुढच्या पिढीला निर्णय बदलता यायला हवा.

आता शिल्पकाराला विचारणंही शक्य नाही. जून २००६ मध्ये डेन्व्हर विमानतळासाठीच्या ‘मस्टँग’चा एक भाग अंगावर येऊन हिमेनेझ स्टुडिओतच गेला. तो ३२ फुटी निळा घोडा इतरांनी पूर्ण केला आणि २००८ मध्ये उभा राहिला.

आपल्याकडेही चौकाचौकांत, मंडळांत फायबरचे पुतळे आहेत, आणि जयंती किंवा उत्सव जवळ आला की सरळ नवा हात मारला जातो. त्याआधी दोन गोष्टी कराव्यात: सगळ्या बाजूंनी फोटो काढून जुन्या रंगाची नोंद ठेवावी, आणि भेग असेल तर आतला सांगाडा तपासावा. रंगाखाली गंज झाकला जातो, थांबत नाही.